फरशी पुसली तरी तासाभरात चिकट: लहान पोरांच्या घरातली कटकट आणि तिचा माग

सकाळी दहाला मावशी फरशी पुसून जायच्या आणि अकराला स्वयंपाकघरातून हॉलमध्ये येताना पावलागणिक चट् चट् आवाज यायचा. चप्पल घातली तर चप्पल चिकटायची, अनवाणी चाललं तर तळवे काळे. धाकटा तेव्हा नऊ महिन्यांचा, नुकता रांगायला लागलेला. संध्याकाळी त्याचे गुडघे बघितले की वाटायचं, पोरगं दिवसभर गॅरेजात कामाला होतं.

आम्ही कोल्हापुरात, राजारामपुरीत राहतो. दुसरा मजला, साधी व्हिट्रिफाइड फरशी, पांढरट रंगाची. (हा रंग कुणी निवडला यावर घरात अजून एकमत नाही.) घरात चार वर्षांची थोरली, हा धाकटा, सासूबाई आणि आम्ही दोघं. तक्रार सगळ्यांची एकच, निदान ज्याचं त्याचं. सासूबाई म्हणायच्या, "अगं, चार थेंबांनी काय होतंय? फिनेल जरा हात सोडून घालायला सांग." ह्यांचं म्हणणं, दोन वेळा पुसून घेऊ. मावशींचं उत्तर सगळ्यात सोपं होतं: "वैनी, पोरं हायती म्हटल्यावर चिकट व्हायचंच की. मोठी झाली की सुटतंय."

आम्ही सगळ्यांचं ऐकलं. फिनेल वाढवलं, संध्याकाळी मी दुसऱ्यांदा पुसायला लागले. फरशी आणखी चिकट झाली. जास्त पुसल्यावर जास्त चिकटतंय म्हणजे चिकटपणा पुसण्यातूनच येत असणार, हे माझ्या डोक्यात शिरायला चार महिने गेले.

आधी बादलीवर संशय घ्या

एका रविवारी पोरं आजीबरोबर महालक्ष्मीच्या देवळात गेली होती, तेव्हा मी हॉलमध्ये चार फरश्यांवर खडूनं खुणा केल्या. पहिली पुसलीच नाही. दुसरी रोजच्यासारखी, मावशी घालतात तेवढं फिनेल घालून पुसली. तिसरी बाटलीवर लिहिलेल्या मापानं. चौथी नुसत्या गरम पाण्यानं, तेही दोनदा पाणी बदलून. पंख्याखाली पूर्ण वाळू दिल्या आणि अनवाणी टाच दाबून बघितली. सगळ्यात जास्त चिकटली ती दुसरी. न पुसलेल्या फरशीपेक्षाही जास्त! चौथीवर टाच सरळ उचलली गेली, आवाज नाही.

बाटलीवर बारीक अक्षरांत छापलं होतं: अर्ध्या बादलीला एक टोपण. मावशींचा अंदाज मी एकदा टोपणानं मोजून बघितला. चार टोपणं भरली. त्यावर "हात सोडून" आणखी एक. तुमच्या बाटलीचं माप वेगळं असेल, पण ते वाचलेलं घर मला अजून भेटायचंय.

होतं काय, तर फरशी पुसायच्या द्रवात साबणासारखे पदार्थ असतात. त्यांचं एक टोक तेलकटपणा धरतं आणि दुसरं पाणी. त्यामुळं मळ सुटून पाण्यात येतो, इथवर ठीक. पण आपण फरशी खळखळून धुवत नाही, पुसतो. पाणी उडून जातं आणि साबण तिथंच राहतो. रोज एक पापुद्रा, त्यावर दुसऱ्या दिवशी दुसरा. त्या पापुद्र्यावर धूळ बसते, पायाचा घाम बसतो, आणि जून-जुलैत हवेतच इतकं पाणी असतं की तो पापुद्रा कधी पुरता वाळतच नाही. म्हणून पावसाळ्यात चट् चट् जास्त आणि मार्च-एप्रिलमध्ये कमी. मला वाटायचं, उन्हाळ्यात पोरं कमी सांडतात. तसलं काही नसतं.

तुमच्या घरी हेच आहे का, ते ओळखायची खूण सोपी आहे. बादलीत नुसतं कोमट पाणी घ्या, थेंबभरही काही घालू नका. स्वच्छ धुतलेल्या फडक्यानं हॉल पुसा आणि फडकं बादलीत पिळा. फेस आला तर तो फेस तुमच्या फरशीतून आलाय. आमच्याकडं पहिल्या दिवशी पिठलं ढवळल्यासारखा फेस आला होता.

उपाय म्हणजे साचलेला साबण काढणं. तीन दिवस फक्त गरम पाण्यानं पुसायचं, हाताला सोसेल एवढं गरम. प्रत्येक खोलीला नवीन पाणी. दोन बादल्या घ्या: एकीत फडकं बुडवायचं, दुसरीत आधी खंगाळून पिळायचं. नाहीतर पहिल्या खोलीचा मळ आपण चौथ्या खोलीत नेऊन पसरतो. यातली आमची मोठी चूक क्रमाची होती. मावशी स्वयंपाकघरापासून सुरुवात करायच्या, म्हणजे फोडणीचं तेल आणि पोळ्यांची पिठी बादलीत घेऊन हॉल पुसायचा, मग बेडरूम. आता उलटं: आधी बेडरूम, मग हॉल, स्वयंपाकघर शेवटी, आणि ते पाणी तिथूनच सरळ मोरीत.

तिसऱ्या दिवशी फेस थांबला. त्यानंतर आठवड्यातून दोन दिवस मापानं एक टोपण, बाकी दिवस नुसतं पाणी. पूर्वी लिटरची बाटली तीन आठवड्यांत संपायची, आता तीन महिने पुरते. सासूबाईंना वास येत नाही म्हणून घर पुसल्यासारखं वाटत नाही, ही तक्रार आहे. त्यांच्यासाठी देवघरासमोर कापूर लावतो.

फडकंही बघा. ह्यांची जुनी बनियन मला बाजारातल्या कुठल्याही मॉपपेक्षा बरी वाटते. मॉप वापरत असाल आणि तो मायक्रोफायबरचा असेल तर धुताना कपडे मऊ करायचं कंडिशनर त्याला लावू नका. त्यानं धाग्यांवर थर बसतो आणि मॉप पाणी ओढायचं सोडतो. फडकं रोज बादलीच्या काठावर ओलं मुटकुळं करून टाकलं तर दुसऱ्या दिवशी त्याचाच कुबट वास घरभर पुसला जातो. दोरीवर पसरून टाकायचं.

एक अडचण राहते, ती म्हणजे मावशींना सांगायची. पंधरा वर्षं फरशी पुसणाऱ्या बाईला "तुमचं माप चुकतंय" म्हणून चालत नाही. मी त्या चार फरश्या त्यांच्याच पायांनी तपासायला लावल्या. दुसऱ्या फरशीवर उभ्या राहिल्या, पाय उचलला आणि म्हणाल्या, "आत्ता ग बया. म्हंजे मीच चिकटवतो हुतो?" त्यानंतर टोपण त्या स्वतः मोजतात.

शहाबादी किंवा कडाप्पा असेल तर एवढं नक्की वाचा

माझं माहेर शिवाजी पेठेत, जुनं घर. खाली शहाबादी फरशी, स्वयंपाकघरात कडाप्प्याचा ओटा. फरशीचं कोडं सुटल्यावर मी फार शहाणी झाले होते. त्यात मोबाईलवर एक व्हिडिओ बघितला: व्हिनेगर आणि लिंबू लावा, केमिकल नको, मुलांना सुरक्षित. बाळंतपणानंतर पहिल्यांदा निवांत माहेरी गेलेले, उत्साहानं आईच्या काळ्याभोर ओट्यावर अर्धं लिंबू घासलं आणि पाच मिनिटं तसंच ठेवलं. पुसल्यावर लिंबाच्या आकाराचे पांढुरके डाग. घासले, आणखी पसरले.

ते डाग नव्हतेच. शहाबादी आणि कडाप्पा हे दोन्ही चुनखडीचे दगड. आंबट म्हणजे आम्ल, आणि आम्ल चुनखडीला खातं. वरची चकाकी गेलेली असते, मळ बसलेला नसतो, म्हणून कितीही धुतलं तरी निघत नाही. पॉलिश करून घेणं हाच खरा उपाय. तोवर खोबरेल तेलाचा हात फिरवला की चार-आठ दिवस डाग झाकला जातो. जुन्या मोझेकच्या फरशीतही संगमरवराची खडी असते, तिलाही हाच नियम. संडासाला लावायचं ॲसिड तर या फरशांच्या आसपासही आणू नका. बाबा अजून मला ऐकवतात, "तीस वर्षं या ओट्यानं तांबडा रस्सा सोसला. तुझं अर्धं लिंबू मात्र भारी पडलं."

या दगडांना साधं पाणी, फार तर भांड्यांच्या लिक्विडचे दोन थेंब आणि लगेच कोरडं पुसणं. व्हिट्रिफाइड किंवा सिरॅमिक असेल तर व्हिनेगरनं सहसा काही बिघडत नाही, पण त्याची गरजही पडत नाही.

सकाळी कोरडी, संध्याकाळी चिकट

बादली सुधारली आणि दुपारपर्यंत फरशी छान राहायला लागली. संध्याकाळी परत चिकट, पण आता सगळीकडं नाही, ठरावीक ठिकाणी. ही वेगळी समस्या आहे. रात्री पोरं झोपल्यावर दिवे बंद करून मोबाईलची बॅटरी फरशीला टेकवून आडवी धरा. वरून न दिसणारे ठिपके चमकतात. आमच्या घरात त्या ठिपक्यांची चक्क वाट दिसली: स्वयंपाकघराच्या दारातून सोफ्याला वळसा घालून गॅलरीपर्यंत, जणू रंकाळा तळ्याभोवतीचा पदपथ.

थोरलीला विचारलं. "मी सांडलो नाही, ते आपोआप सांडलं." (आमच्याकडच्या पोरी असंच बोलतात, पुण्याच्या नणंदेला दर वेळी नव्यानं हसू येतं.) पण खरंच तिनं सांडलं नव्हतं. ती वाट धाकट्याच्या जेवणाची होती. सासूबाई कडेवर घेऊन, वाटी हातात धरून, एक घास काऊचा, एक घास चिऊचा करत गॅलरीपर्यंत जायच्या, तिथं काऊ दाखवायच्या आणि परत यायच्या. प्रत्येक घासाला नाचणीच्या सत्त्वाचा एक थेंब. पोरगं ज्या वाटेनं भरवलं, त्याच वाटेनं दुपारी रांगायचं.

आता सासूबाईंना काय सांगायचं? भरवणं त्यांच्या आनंदाचा भाग आहे आणि त्या भरवतात म्हणून मी दोन भाकऱ्या निवांत करू शकते. मी काही सांगितलं नाही. गॅलरीच्या दारात एक पाट ठेवला, त्याखाली धुता येणारा प्लॅस्टिकचा कपडा अंथरला आणि कठड्यावर सकाळी चार शितं टाकायला लागले. काऊ-चिऊ आपणहून येतात म्हटल्यावर त्यांच्या मागं फिरायचं कारण उरलं नाही. "आई, पाय दुखतील, बसूनच भरवा," एवढंच म्हटलं. पंधरवड्यात वाट नाहीशी झाली.

नाचणी, भात वाळल्यावर सिमेंटसारखं घट्ट होतं ते त्यातल्या पिठामुळं. ते खरवडत बसू नका. ओलं फडकं त्यावर पाच मिनिटं पसरून ठेवा, आपोआप सुटतं. दूध सांडलं तर मात्र आधी गार पाणी. गरम पाण्यानं दुधातली प्रथिनं घट्ट होऊन चिकटतात, विशेषतः सतरंजीत आणि गादीत, आणि मग तो आंबूस वास आठवडाभर जात नाही.

काकवीबद्दल स्वतंत्र लिहायला हवं. थंडीत गुऱ्हाळं सुरू झाली की गावाकडून काकवीची बाटली येते, चपातीला लावून पोरं खातात आणि ती कोपरापर्यंत ओघळते. काकवी पाण्यात पूर्ण विरघळते, म्हणून साबण लागत नाही, पण चटकन पुसायला गेलं की ती पातळ होऊन चौपट जागेत पसरते. कडेकडून आत अशी टिपून घ्यायची, मग ओलं फडकं. आमच्याकडं काकवी आता फक्त मोरीच्या उंबऱ्यावर बसून खायला मिळते. खाल्लं की तिथंच हात-तोंड. थोरलीला ही शिक्षा वाटत नाही, तिला ती सहल वाटते.

काकवी आणि गुळामागं मुंग्या आल्याच. एक मुंगी खाण्यापर्यंत पोचली की परत जाताना वासाची रेघ सोडत जाते आणि बाकीच्या त्या रेघेवरून येतात. दिसतील त्या मारल्यानं काही होत नाही, रेघ राहतेच. साबणाच्या पाण्यानं ती सगळी वाट भिंतीतल्या भोकापर्यंत पुसा आणि भोक पांढऱ्या सिमेंटनं किंवा पुट्टीनं बुजवा. ढेप झाकणाच्या डब्यात, आणि डबा पाणी घातलेल्या ताटलीत. आज्जीचा उपाय आहे, अजून चालतो.

मुंग्यांसाठी जो पांढरा खडू मिळतो त्याबद्दल माझं मत कडक आहे: रांगतं पोर असेल तर घरात आणायचाच नाही. त्यात कीटकनाशक असतं आणि पोराला तो पाटीवरच्या खडूसारखाच दिसतो. थोरलीनं एकदा शेजारी तसल्या खडूनं फरशीवर फूल काढलं होतं. आम्ही वेळेवर बघितलं.

तसंच फिनेल, ॲसिड, रॉकेल थंड पेयाच्या रिकाम्या बाटलीत ओतून ठेवायची सवय. सुटं फिनेल विकायला येतं ते तसल्याच बाटलीत. पोराला रंगीत पाणी आणि ओळखीची बाटली एवढंच कळतं. ज्या बाटलीत आलं त्यातच ठेवा, आणि ओट्याखाली नाही, वरच्या फडताळात कडी लावून. चुकून कुणी प्यायलंच तर मीठ-पाणी पाजून किंवा घशात बोट घालून उलटी काढू नका. ॲसिड वर येताना अन्ननलिका दुसऱ्यांदा भाजते, आणि रॉकेल उलटीबरोबर फुप्फुसात जाऊ शकतं. बाटली बरोबर घ्यायची आणि सीपीआर (आमच्या कोल्हापूरचं सरकारी हॉस्पिटल) किंवा जवळचं मोठं हॉस्पिटल गाठायचं. आणि ब्लीचिंग आणि संडासाचं ॲसिड एकत्र ओतू नका, कितीही घाण असली तरी. त्यातून क्लोरीन वायू निघतो. बंद न्हाणीघरात तो मोठ्या माणसालाही झेपत नाही.

धुतलेल्या गादीचा वास पावसाळ्यात परत येतो

उन्हाळ्यात पोरांनी लघवी केलेली गादी धुतली, उन्हात टाकली, वास गेला. जुलै उजाडला, आठ दिवस ऊन नाही, आणि रात्री खोलीत तोच वास. परत कुणी केली का म्हणून थोरलीला विनाकारण बोलणी बसली. नंतर कळलं, तिनं केलीच नव्हती.

लघवीत युरिक ॲसिड असतं. पाणी उडून गेलं की त्याचे बारीक खडे कापसात राहतात. ते साध्या पाण्यात फारसे विरघळत नाहीत, साबणालाही दाद देत नाहीत. हवा कोरडी असेपर्यंत गप्प बसतात, दमट झाली की वास सोडतात. म्हणजे उन्हाळ्यात ज्याला आपण स्वच्छ म्हणतो ते नुसतं वाळलेलं असतं.

ताजं असेल तर घासू नका, दाबून टिपा. जुना टॉवेल टाकून त्यावर उभं राहायचं, टॉवेल बदलत. मग गार पाण्याचा हलका हात आणि परत टिपणं. जुना वास असेल तर पांढरं व्हिनेगर आणि पाणी समसमान करून त्या जागेवर मारा, दहा मिनिटांनी टिपा, पुरतं वाळल्यावर खाण्याचा सोडा रात्रभर पसरून ठेवा आणि सकाळी झाडून घ्या. (गादीवर व्हिनेगर चालतं, आईच्या ओट्यावर नाही.) त्यानंही गेला नाही तर एंझाइमवालं क्लीनर मिळतं. कुत्र्या-मांजरांच्या सामानाच्या दुकानात विचारा, पोरांच्या लघवीलाही तेच चालतं. ते लावल्यावर जागा लगेच वाळवायची नाही, बाटलीवर लिहिलेला वेळ ओली ठेवायची, कारण एंझाइमला काम करायला ओल लागते. त्याआधी ब्लीच तर मुळीच नको. एंझाइम मारलं जातं, आणि लघवीतल्या अमोनियाशी ब्लीच मिसळून त्रासदायक वायू निघतो ते वेगळंच.

पण खरं सांगायचं तर, गादी ओली होऊच द्यायची नाही. रबरी शीट, त्यावर वाकळ, त्यावर चादर. आणि ही तिन्ही दोनदा अंथरायची, एकावर एक. रात्री अडीचला वरचा थर ओढून काढला की खाली तयार अंथरूण. आईनं शिवलेल्या जुन्या सुती वाकळी यासाठीच जन्माला आल्यात. त्या धुतल्यावर जड होतात हे मान्य, पण पातळ वाकळ पंख्याखाली रात्रभरात वाळते. गादी कितीतरी दिवस वाळत नाही.

राड, ओल आणि कपाटामागची काळी बुरशी

राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडल्याची बातमी आली की आमच्या घरात दोरीवर तीन दिवसांचे कपडे असतात. बादलीभर कपड्यांतलं पाणी खोलीतच उडतं आणि थंड भिंतीवर जाऊन बसतं, तिथं बुरशी धरते. बहुतेक वेळा ती पावसाच्या माऱ्याकडच्या भिंतीला टेकवलेल्या कपाटामागं असते, जिथं आपण दिवाळीशिवाय बघत नाही. कपाट वीतभर पुढं ओढा. कपडे एकाच खोलीत वाळत घाला, दार बंद, खिडकी किलकिली, पंखा चालू. बुरशी कोरड्या ब्रशनं झाडू नका, तिचे कण उडून पोरांच्या नाकात जातात. ओल्या फडक्यानं साबण लावून पुसा, फडकं टाकून द्या. आणि ओल बाहेरून झिरपत असेल तर पुसून काही उपयोग नाही, गवंडी बोलवा.

कपाटात डांबराच्या गोळ्या ठेवायची पद्धत आहे. पोरं असतील तर नकोच. त्या पेपरमिंटसारख्या दिसतात, आणि काही मुलांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी नावाचं एंझाइम कमी असतं, त्यांच्या तांबड्या पेशी या गोळ्यांनी फुटतात. तान्ह्या बाळाला तर गोळ्यांतून काढलेले कपडे, दुपटी तशीच वापरूनही त्रास होऊ शकतो. कडुनिंबाचा वाळलेला पाला कापडात बांधून ठेवा.

राडीबद्दल एक उलटसुलट नियम आहे. शाहूपुरीत माझ्या सख्ख्या मावशीच्या घरात २०१९च्या ऑगस्टमध्ये पुराचं पाणी आलं आणि २०२१च्या जुलैमध्ये पुन्हा. तिथं आम्ही शिकलो की पुराचा गाळ ओला असतानाच फावड्यानं काढायचा, वाळला की दगड होतो. पोरांच्या पायांनी सतरंजीवर आलेल्या राडीचं मात्र बरोबर उलटं. ओली पुसली की धाग्यांत मुरते. वाळू द्या, उन्हात झटका, मग उरलेलं पुसा. दाराबाहेर एक पायपुसणं, दाराआत एक, आणि आतलं सुती. बाहेरचं राड काढतं, आतलं पाणी. एकच ठेवलं तर ते तासाभरात स्वतःच राड होऊन जातं.

बारीकसारीक

खेळणी: निम्मी ट्रंकेत घालून माळ्यावर टाका, महिन्यानं अदलाबदल करा. आठवण कुणालाच येत नाही.

भिंतीवरचे खडू: तेली खडूचे डाग खाण्याच्या सोड्याच्या लगद्यानं हलक्या हातानं निघतात, पण भिंतीला साधं डिस्टेंपर असेल तर रंगच निघतो. आधी दारामागं घासून बघा. आमच्याकडं एका भिंतीवर थोरलीच्या उंचीपर्यंत जुन्या कॅलेंडरांच्या पाठी चिकटवल्या, भांडण मिटलं.

रविवारचा रस्सा फ्रॉकवर सांडला तर लगेच पाण्याखाली धरू नका. मिरचीचा तांबडा रंग तेलात विरघळतो, पाण्यात नाही. आधी डागावर मैदा किंवा पावडर टाकून कट (रश्श्यावरचं तेल) ओढून घ्या, मग भांड्यांचं लिक्विड चोळा, मग पाणी. हळद असेल तर साबण लागताच डाग लालभडक होतो. घाबरू नका, हळदीला सोड्या-साबणानं तसं होतंच. धुऊन कडक उन्हात टाका. हळदीचा रंग उन्हात उडतो, दोन दिवसांत बघायला मिळणार नाही. पावसाळ्यात डाग पडला तर फ्रॉक ठेवून द्या आणि ऑक्टोबरच्या उन्हाची वाट बघा. आमचा एक पिवळा फ्रॉक असाच दसऱ्यापर्यंत थांबला होता.

एक गोष्ट मात्र मला अजून सुटलेली नाही. भडंग. गॅलरीत बसून खायचं ठरवलं, ताटात खायचं ठरवलं, मोरीच्या उंबऱ्यावर खायला घातलं. सोफा भिंतीपासून ओढला, फटीत टेप लावली. तरी परवा रात्री उशीच्या अभ्र्यातून तीन चिरमुरे आणि तळलेल्या लसणाची एक पाकळी निघाली. कुणाकडं यावर काही असेल तर सांगा. भडंग बंद करा, हे उत्तर सोडून.